लॉ कॉलेजचं बरं-वाईट प्राचार्यांना लिहून द्यायचंय, तुमच्या कॉलेजात काय चांगलं आणि काय कमी ते सांगा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचखाली जे सहा जिल्हे येतात त्यातल्या एका जिल्ह्यात आमचं अनुदानित कॉलेज आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था) कामासाठी प्राचार्य सरांनी आम्हा वर्गप्रतिनिधींना सांगितलंय की कॉलेजचं चांगलं काय, कमी काय, हे विद्यार्थ्यांच्या बाजूनं दोन पानांत लिहून द्या. सरांनी मनापासून विचारलंय, सगळं छान आहे असलं त्यांना नकोय. मंगळवारपर्यंत द्यायचंय.

लिहायला बसले तर 'चांगलं'च्या रकान्यात पहिलं 'फी कमी' एवढंच आलं आणि मलाच वाईट वाटलं, कारण या कॉलेजनं मला बरंच दिलंय. आणि 'कमी'च्या रकान्यात काय लिहायचं ते मला एका दिवसात कळलं होतं, तो दिवस सांगते.

पाचव्या सेमिस्टरची परीक्षा झाल्यावर मी एका वकीलताईंकडे इंटर्नशिपला गेले. पहिल्याच सकाळी ताई म्हणाल्या, जा गं, त्या वाटपाच्या दाव्यात पाचवर काय हुकूम झालाय बघून ये. मी व्हरांड्यात उभी. पाच म्हणजे काय? सीपीसीचा (दिवाणी प्रक्रिया संहितेचा) पेपर देऊन महिना झाला नव्हता, तात्पुरत्या मनाईचा ऑर्डर ३९ रूल १ आणि २ पाठ होता, प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल, भरून न येणारं नुकसान, या तिन्ही कसोट्या मी चार पानं लिहून आले होते. पण दाव्यासोबत जो तूर्तातूर्त मनाईचा अर्ज देतात त्याला आपल्याकडे निशाणी ५ (फाईलमधला कागदाचा क्रमांक) पडते आणि अख्खं कोर्ट त्याला नुसतं 'पाच' म्हणतं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बेंच क्लार्क मॅडमनी फाईल उघडून दाखवली तेव्हा कळलं की अरे हे तर मला येतं! येत होतं पण ओळखता आलं नाही. आमच्या कॉलेजपासून कोर्ट चालत दहा मिनिटांवर आहे हो. तीन वर्षं मी त्या रस्त्यानं रोज गेले.

तर तुमच्या कॉलेजचे अनुभव सांगा, मला नीट लिहायचंय.

घाटमाथा

ड्राफ्टिंगबद्दल लिहाच. सिलॅबसमध्ये ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्सिंगचा (दावे, अर्ज, दस्त लिहिण्याचा) आख्खा पेपर आहे, बार कौन्सिलनं कंपल्सरी केलेला, आणि आमच्याकडे तो पेपर म्हणजे मागच्या बॅचची जर्नल आणायची आणि उतरवून काढायची. मी पंधरा ड्राफ्ट लिहिले, एकही स्वतःचा नाही. व्हायवाला विचारलं सत्यापन (मजकूर खरा आहे असं खाली लिहून सही) का करतात, मला सांगता आलं नाही, तरी मार्क बरे पडले. ते मार्क बघून आनंद झाला नाही खरं सांगतो.

आरती के

मी पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शिक्षकच नाहीत. पूर्णवेळ मोजके, बाकी सगळे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. सीएचबीचे सर चांगले शिकवतात, कॉन्ट्रॅक्ट तर इतकं सुंदर शिकवलं की मी घरी आईला ऑफर आणि इन्व्हिटेशन टू ऑफर यातला फरक भाजीच्या दुकानावरून समजावला, पण त्या सरांना महिनोनमहिने मानधन मिळत नाही, मग ते दुसऱ्या गावच्या कॉलेजातही तास घेतात, मधल्या वेळात कोर्टही करतात, तास बुडतो आणि आम्ही कोणाला विचारायचं? त्यात प्रवेशाच्या फेऱ्या इतक्या लांबल्या की पहिलं सेमिस्टर जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं मिळालं. कॉन्स्टिट्यूशनचा मूलभूत हक्कांचा भाग एका आठवड्यात संपवला. कलम १४, १९, २१ एका आठवड्यात!

कृष्णाकाठची

आरती, हे लिहिते. सीएचबीचं तर पहिल्या पानावरच लिहिणार, कारण त्यात शिकवणाऱ्यांची चूक नाहीये, आणि सरांना ते वर पाठवताना विद्यार्थ्यांनी लिहिलेलं असलं की उपयोग होईल असं वाटतं.

रानवाट

माझं वय ५९. महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि एलएलबीला प्रवेश घेतला. वेगळ्या जिल्ह्यात आहे. चांगल्याच्या रकान्यात एक गोष्ट लिहा ताई, ती कुणी लिहीत नाही. तीन वर्षांच्या कोर्सचा वर्ग.

माझ्या वर्गात एक फौजदार म्हणून निवृत्त झालेले आहेत, एक नर्सबाई, दोन गृहिणी, एक मुलगा ज्याच्या वडिलांचं रसवंतीगृह आहे, बाकी बी.ए., बी.कॉम. झालेली पोरं. एव्हिडन्सच्या तासाला पंचनाम्याचा विषय निघाला तर मॅडम म्हणाल्या तुम्हीच सांगा, आणि फौजदारसाहेबांनी पाऊण तास सांगितलं, पंच कसे मिळत नाहीत, मिळाले तर दोन वर्षांनी कोर्टात कसे फितूर होतात, जप्त मालाला लाखेचं सील लावताना काय राहून जातं. मी लँड लॉच्या तासाला फेरफार कसा पडतो, हरकत कधी घ्यायची, ७/१२ आणि ८अ यात काय बघायचं ते फळ्यावर काढून दाखवलं. सगळी पोरं गप्प ऐकत होती. ही माणसं पैसे देऊन आणता येणार नाहीत, ती वर्गातच बसलेली असतात.

उणीव विचाराल तर लायब्ररी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले, आमच्या कपाटात अजून आयपीसीच (जुनी भारतीय दंड संहिता) जास्त. जुने गुन्हे जुन्या कायद्यानं चालणार म्हणून आयपीसी फेकून द्यायची नाहीच, पण नव्याच्या प्रती वर्गाला पुरत नाहीत. आणि गोंधळ किती होतो बघा, सीआरपीसीत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत) ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. पोरं जुनं पुस्तक वाचून येतात आणि नव्या कायद्याचा पेपर लिहितात.

चंद्रभागा

रानवाट काका, फार छान लिहिलंत. पुस्तकांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचं ईएससीआर पोर्टल २०२३ पासून फुकट आहे, मराठीत भाषांतर झालेले निकालही मिळतात. आम्ही सशुल्क डेटाबेस नाही म्हणून रडत होतो, मग लायब्ररीयन मॅडमनी एका दुपारी सगळ्यांना बसवून हे दाखवलं. मूटच्या (सराव खटल्याच्या) मेमोरियलचे (लेखी युक्तिवादाचे) सगळे निवाडे तिथूनच काढले.

वैनगंगा

मी महाराष्ट्रातल्याच एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे, पाच वर्षांचा कोर्स, चौथं वर्ष. इकडची बाजू पण सांगते, कारण सगळ्यांना वाटतं इकडे काहीच कमी नसेल. लायब्ररी रात्री उशिरापर्यंत उघडी असते, मूटसाठी सीनियर रात्र रात्र बसून मेमोरियल तपासतात, कोणता परिच्छेद का काढायचा ते समजावतात, रिसर्च कसा करायचा ते पहिल्या वर्षापासून हाडात भिनतं. हे खूप मोठं आहे आणि ते मी मनापासून मानते.

पण फी वर्षाला लाखांत, माझं शैक्षणिक कर्ज आहे. बॅचमधल्या बऱ्याच जणांनी फर्मची नोकरी धरायची हे तिसऱ्या वर्षातच ठरवलंय, त्यात आवडीपेक्षा हप्त्याचा भाग जास्त आहे. मला जिल्हा कोर्टात वकिली करायचीये असं म्हटलं तर लोक काळजीनं बघतात. मागच्या सुट्टीत गावी आले तर चुलत्यांनी ७/१२ समोर ठेवला आणि विचारलं, पोरी हे 'इतर हक्क' काय असतं सांग, आणि मी चार वर्षं कायदा शिकून ते आधी शोधून मग सांगितलं.

माणदेशी

मी तालुका कोर्टात २२ वर्षं वकिली करतोय, मुलं-मुली चांगलं बोलतायत म्हणून लिहितो.

कृष्णाकाठची, तुझ्या पाचच्या गोष्टीनं मला माझा पहिला दिवस आठवला. मला सीनियर म्हणाले होते 'पुरसीस दे' आणि मी त्यांना पावती आणून दिली होती. पुरसीस म्हणजे कोर्टाला लेखी कळवणं, की बाबा आम्हाला पुढे पुरावा द्यायचा नाही किंवा आमच्यात तडजोड झाली, एवढं साधं. कोर्टाची स्वतःची मराठी आहे. दरखास्त, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर), सरतपास, उलटतपास, नक्कल अर्ज, मुदत अर्ज, अर्जावर से (म्हणणं), तहकुबी. १९९८ पासून आपल्याकडे जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. आता कॉलेजं बघा. पोरगं पेपर मराठीत लिहितं पण पुस्तकी मराठीत, मूट करतं इंग्रजीत, आणि कोर्टात येतं तेव्हा तिसरीच भाषा कानावर पडते.

म्हणून कमीच्या रकान्यात 'इंग्रजी कच्चं' असं लिहू नकोस, किंवा ते लिही पण त्यासोबत 'कोर्टाची मराठी शिकवत नाहीत' हेही लिही. दोन्ही लागतं. आता कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच चालू झालंय, चाळीसेक वर्षं वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली, आम्ही अपिलाच्या फायली काखेत मारून रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायचो. आता तुमच्या पिढीला सकाळी निघून दुपारी हायकोर्टात उभं राहता येईल, आणि तिथलं काम इंग्रजीत. खालच्या कोर्टातला मराठी पुरावा वाचून त्यावर इंग्रजीत अपील लिहिणारी माणसं या सहा जिल्ह्यांतून निघायला पाहिजेत, ती तुमच्या कॉलेजांनी नाही घडवली तर कोण घडवणार?

कृष्णाकाठची

माणदेशी सर, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मनापासून आभार. मी स्वतः मराठी माध्यमातून आलेय आणि तीन वर्षं मी फक्त 'माझं इंग्रजी कच्चं' याच ओझ्याखाली होते.

घाटमाथा

सर एक विचारू का. कोर्टात बसायचं म्हटलं तर हजेरी जाते. बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयाला ७० टक्के, आता बायोमेट्रिक लावायला सांगितलंय. कोर्ट ११ ला आणि आमचे तास ११ ते ४. मग कसं जमायचं? जी पोरं सकाळचं कॉलेज असलेल्या ठिकाणी आहेत त्यांचं बरं आहे.

माणदेशी

७० टक्क्याला पळवाट शोधू नका, तास झालेच पाहिजेत. पण इंटर्नशिपचे १२ आठवडे तुमच्या हक्काचे आहेत, पाच वर्षांच्या कोर्सला २०, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, म्हणजे ते तीन वर्षांत वाटूनच करायचेत. बरीच पोरं ते सर्टिफिकेटवर सही घेऊन भागवतात. माझ्याकडेही येतात सही मागायला. मी देत नाही, आणि वाईट वाटतं कारण काही जण खरंच नोकरी करून शिकत असतात. पण सही दिली तर मी त्या पोराचं नुकसान करतोय.

आणखी एक, मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली पाहिजे. म्हणजे जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) व्हायचं स्वप्न असलेल्यालाही आता कोर्टातूनच जावं लागणार.

आरती के

सर, ती तीन वर्षं काढायची कशी हाच प्रश्न आहे ना. ज्युनिअरला गावाकडे कोण पैसे देतं? बार कौन्सिलनं २०२४ ला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा असं सुचवलंय पण ते बंधनकारक नाही. आमच्या घरी मी पहिली पदवीधर, आणि मुलींना फीमाफी मिळाली म्हणून लॉ करता आलं, नाहीतर बी.एड. करणार होते. आमच्यासारख्यांना कॉलेजनं हे पहिल्या वर्षीच सांगायला पाहिजे की सनद (वकिलीचा परवाना) घेताना काय, एआयबीई (बार कौन्सिलची परीक्षा) कधी, पहिली दोन वर्षं कशी काढायची. करिअर गायडन्स म्हणून एकदा पाहुणे आले ते यूपीएससीबद्दल बोलून गेले.

चंद्रभागा

सनदेचं सांगते, नोंदणी फी ७५० आणि एससी-एसटीला १२५, यापेक्षा जास्त घ्यायची नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ ला स्पष्ट केलंय, त्याआधी राज्याराज्यांत हजारोंनी घ्यायचे. एआयबीई मराठीतही देता येते, १०० प्रश्न, बेअर अ‍ॅक्ट नेता येतात. घाबरू नकोस.

मांडवी

गोव्याहून. आमच्या वर्गात सगळ्यात चांगलं काय वाटतं तर कौटुंबिक कायदा. तुमच्याकडे वारसा म्हटलं की वाटपाचा दावा, आमच्याकडे इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (मालमत्तेची यादी करून वाटणी), नवरा-बायकोची मालमत्ता लग्नापासूनच समाईक, मुलांचा ठरावीक हिस्सा मृत्युपत्रानंही काढून घेता येत नाही. सगळ्या देशाच्या पुस्तकांत यावर एक परिच्छेद असतो आणि आमच्या म्हाताऱ्या नोटरींच्या डोक्यात अख्खं ग्रंथालय. कमी म्हणजे तेच, जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, आणि वर्गातल्या कोणालाच ती भाषा येत नाही.

रेवती_स

लीगल एडबद्दल, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीबद्दल, कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे लीगल एड क्लिनिक म्हणजे वर्षातून एकदा गावात शिबिर, बॅनर, दीपप्रज्वलन, भाषण, फोटो, परत. गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली. भाषणं संपल्यावर एक आजी मागं थांबल्या, पिशवीतून घडी घालून घालून फाटलेला कागद काढला. हक्कसोडपत्र. भावांनी वीस वर्षांपूर्वी तालुक्याला नेलं होतं, म्हणाले सही कर, वडिलांच्या जमिनीचं काम आहे. आजी विचारत होत्या, आता मुलींना वाटा मिळतो म्हणतात, मला मिळेल का?

आम्ही तिघी होतो. सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्माचा २०२० चा निकाल तिघींनाही तोंडपाठ, मुलीला जन्मानंच हक्क, २००५ ला कायदा बदलला तेव्हा वडील हयात असायची गरज नाही. पण हक्कसोड नोंदवलेलं आहे, त्याचं काय? ते रद्द करून मागायचं तर मुदत कधीपासून मोजायची, फसवणूक कळली तेव्हापासून म्हणायचं तर कधी कळली ते सिद्ध कसं करायचं? आम्ही गप्प झालो. मॅडमनी आजींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहून दिला, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो हे सांगितलं, आणि आमच्यातली एक आजींबरोबर स्वतः गेली. पुढं काय होईल माहीत नाही, पण त्या एका कागदानं आम्हाला लिमिटेशन अ‍ॅक्ट (मुदतीचा कायदा) जेवढा वाचायला लावला तेवढा परीक्षेनं कधीच लावला नव्हता. माझ्या मते हीच गावच्या कॉलेजची खरी ताकद. आजी शहरातल्या मोठ्या कँपसमध्ये चालत येणार नाहीत, आमच्याकडे येतात. पण वर्षातून एकदाच का? दर शनिवारी एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून बसलो तर?

वैनगंगा

रेवती, हे वाचून मी बराच वेळ काही लिहूच शकले नाही. हे नक्की सरांना द्या.

कृष्णाकाठची

सगळ्यांचं वाचून काल रात्री लिहून काढलं. रकाने काढलेच नाहीत. सुरुवात अशी केली की आमच्या कॉलेजपासून कोर्ट दहा मिनिटांवर आहे, तहसील कार्यालय त्याच्या पलीकडं, वर्गात महसूल आणि पोलीस खात्यातली माणसं आहेत, आणि अडलेली माणसं आमच्या दारावरून रोज जातात. आणि मग लिहिलं की यातलं काहीच आमच्या टाइमटेबलमध्ये नाही. सीएचबी, पुस्तकं, उशिराचे प्रवेश हे दुसऱ्या पानावर, कारण ते सरांच्या एकट्याच्या हातात नाही. पहिल्या पानावर फक्त दोन मागण्या: शनिवारी स्थानिक वकिलांकडून ड्राफ्टिंग, जर्नल उतरवणं बंद, आणि रेवतीचं टेबल.

उद्या देते. थोडी धाकधूक आहे, कारण जर्नलचं लिहिलंय आणि तो पेपर ज्या मॅडमकडे आहे त्या मला फार आवडतात.

घाटमाथा

द्या हो. काय झालं ते नक्की कळवा.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफ करा.

सरांनी दोन्ही पानं वाचली, मला बोलावलं नाही, मॅडमनाच बोलावलं. मी घाबरले होते. दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या आणि म्हणाल्या, जर्नलबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे, एकटीला नव्वद जर्नल तपासायची असतात आणि मीही डोळेझाक केली, आता यातून वाट काढू. त्यांनीच बार असोसिएशनला जाऊन दोन वकिलांना विनंती केली. टेबलाचं अजून झालेलं नाही, विधी सेवा प्राधिकरणाकडं पत्र गेलंय.

मागच्या शनिवारी पहिला वर्ग झाला. बत्तीस जण आले. वकील सरांनी एक साधी हकिगत सांगितली, शेजाऱ्यानं सामाईक बांध फोडला आणि नांगर आत घातला, आता तुम्ही वादीचे वकील, मराठीत निशाणी ५ चा अर्ज लिहा, तास आहे. कोणाकडेही बघून लिहायला काही नव्हतं. मी 'सबब विनंती की' पर्यंत पोचले तेव्हा हात दुखत होता आणि मला इतकं छान कधीच वाटलं नव्हतं.

वकील सरांनी सगळे अर्ज तिथंच वाचले. कसोट्या तिन्ही आल्या होत्या सगळ्यांच्या, कायदा बरोबर होता. मग त्यांनी विचारलं, मनाई कुठल्या जमिनीत मागताय? गट नंबर लिहिला होता आम्ही. ते म्हणाले, अहो पण बांधाचा वाद आहे, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण? चतुःसीमा बत्तीसपैकी एकाच अर्जात होत्या, आमच्या वर्गातल्या निवृत्त तलाठी काकांच्या. काकांनी सोबत पेन्सिलीनं बांधाचा हातनकाशाही काढला होता, तो सरांनी फळ्याला चिकटवला.

येत्या शनिवारी त्याच दाव्यात प्रतिवादीची कैफियत लिहायचीये.